जुन्या पिशवीची साक्ष : एक प्रस्तावना

कारखान्याच्या भांडारातून खरेदी खात्याकडे जाणाऱ्या मागणीपत्रावर, डस्ट कलेक्टरच्या बॅगांसमोरील तपशिलाच्या रकान्यात, ‘पूर्वीप्रमाणे’ एवढा एकच शब्द लिहिण्याचा शिरस्ता आपल्याकडे इतका रूढ झाला आहे, की त्या शब्दाने किती गोष्टी गृहीत धरल्या जातात याचा विचार तो लिहिणाराही करीत नाही आणि त्यावर मंजुरीची सही करणाराही करीत नाही. पूर्वीची बॅग योग्य होती. ज्या धुळीसाठी ती घेतली ती धूळ आजही तीच आहे. हवेची उष्णता, दमटपणा आणि वेग यांत फरक पडलेला नाही. आणि ती बॅग आपले आयुष्य पुरे करून स्वाभाविक मरणाने गेली, अकाली मारली गेली नाही. ही चारही गृहीते एकाच वेळी खरी ठरल्याचा अनुभव मला नोकरीच्या ३५ वर्षांत फार थोड्या वेळा आला. त्या एका शब्दाच्या जागी काय लिहावे आणि ते लिहिण्यापूर्वी काय पाहावे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत पुस्तक लिहिले गेले आहे, आणि मराठीत अशा पुस्तकाची निकड फार दिवसांपासून होती.

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे. ओतशाळेत साचा फोडताना, पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने ओतीव वस्तू साफ करताना, सिमेंटचे क्लिंकर दळताना, हळद किंवा साखर कुटताना जी धूळ उठते, तिच्यापैकी डोळ्यांना दिसते ती बहुधा जमिनीवर बसते व झाडूने निघते. न दिसणारी धूळच घातक असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर चार-पाच मायक्रॉनांहून सूक्ष्म असलेले कण नाक, घसा आणि श्वासनलिका या शरीराच्या नैसर्गिक चौक्या चुकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. आणि तो कण स्फटिकरूप सिलिकेचा असेल, जसा ओतशाळेच्या वाळूत तो असतोच, तर त्याच्याभोवती फुप्फुसात जे घट्ट वण तयार होतात ते कोणत्याही औषधाने नाहीसे होत नाहीत. सिलिकोसिस म्हणतात तो रोग हाच. खंबायतचे अकीक घासणारे कारागीर आणि मंदसोरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर यांच्या फुप्फुसांची जी तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने केली, तिने या रोगाचे आपल्या देशातील स्वरूप पुरेसे स्पष्ट केले आहे.

अशी धूळ जेथे उठते तेथेच तिला हुडाखाली ओढून, नळातून नेऊन, कापडी पिशव्यांच्या रांगांतून गाळून, स्वच्छ हवा पंख्याने बाहेर सोडावी, ही डस्ट कलेक्टर या यंत्राची सरळ कल्पना. परंतु पिशवी गाळते कशी, याविषयी जी समजूत सर्वत्र प्रचलित आहे ती चुकीची आहे आणि निवडीतल्या निम्म्या चुका तिच्यातूनच जन्माला येतात. चहाच्या गाळणीत छिद्रापेक्षा मोठे ते अडते आणि लहान ते निसटते. त्यामुळे जितके कापड दाट तितकी गाळणी चांगली, असे आपण सहज मानतो. वस्तुतः बॅगेसाठी वापरतात तो सुया टोचून दाबलेल्या कृत्रिम धाग्यांचा नमदा असतो, आपल्या बुरणुसाचा आधुनिक भाऊबंदच म्हणावा असा. त्याच्या धाग्यांमधील पोकळ्या पकडायच्या धुळीहून कितीतरी मोठ्या असतात. जड कण आपल्याच वेगामुळे वळण घेऊ न शकता धाग्यावर आदळतो, मध्यम कण धाग्याला घासून जाताना चिकटतो, अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा भटकतो व त्या भटकंतीतच धाग्याला जाऊन लागतो. अशा रीतीने अडकलेल्या कणांचा पातळ थर कापडावर जमला, म्हणजे पुढची धूळ तो थर गाळतो. कापड केवळ त्या थराला आधार देते. म्हणून साध्या नमद्याची नवी कोरी बॅग पहिल्या काही तासांत सर्वांत वाईट गाळते. जाणता मिस्त्री बॅगा बदलल्यावर प्रथम चुनखडीची बारीक पूड आत सोडून तिचा हात बॅगांवर फिरवून घेतो आणि मगच यंत्रावर भार टाकतो, याचे कारण हेच. थर अति झाला की दाबलेल्या हवेचा क्षणभराचा झोत वरून सोडून तो झाडतात. मात्र झाडून पुसून लख्ख करणे हा त्यामागचा हेतू नसतो, थोडा थर मागे राहावाच लागतो.

या शास्त्राचा इतिहास माणसाच्या कणवेने सुरू होतो आणि हिशेबाने वाढतो. हिंगूळ हाताळणारे रोमन कामगार तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधीत असत, असे थोरल्या प्लिनीने नोंदले आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात दगड फोडणाऱ्यांच्या व पीठ दळणाऱ्यांच्या धुळीची चर्चा आहे. परंतु कारखान्यात कापडी गाळणी प्रथम आली ती कामगाराच्या छातीसाठी आली नाही. जस्ताच्या भट्टीतून उडणारा पांढरा धूर हा रंगाच्या धंद्यात विकला जाणारा माल होता, शिशाच्या भट्टीच्या धुरात धातू वाया जात होता, आणि तो पकडण्यासाठी एकोणिसाव्या शतकात पिशव्या टांगल्या गेल्या. जर्मनीतील ल्यूबेक शहरी विल्हेल्म बेथ याने १८८०च्या दशकात यंत्राने हलवून झाडली जाणारी पिशव्यांची गाळणी तयार केली. त्याच दशकात अमेरिकेत हवेला भोवऱ्यासारखी फिरवून धूळ वेगळी करणारा सायक्लोन पुढे आला. आणि १९०७च्या सुमारास कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल याने विजेच्या उच्च दाबाने कणांना भारून पत्र्यावर ओढून घेणारे यंत्र यशस्वी करून दाखविले. धुळीला पाण्याने भिजवून खाली पाडण्याचा मार्ग या सर्वांबरोबर चालत आलेला आहे, आणि आपल्या साखर कारखान्यांच्या बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरांना तो परिचित आहे.

भोवरा, पाणी, वीज आणि कापड हे या क्षेत्राचे चार मोठे संप्रदाय. प्रस्तुत पुस्तक कापडाच्या संप्रदायाचे आहे, आणि त्या संप्रदायाच्या आतही घराणी आहेत. पूर्वीची यंत्रे विणलेल्या सुती किंवा लोकरी पिशव्या मधूनमधून बंद करून हलवीत. काही ठिकाणी उलट दिशेने संथ हवा सोडून पिशव्या झाडीत. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दाबलेल्या हवेच्या झोताची पद्धत निघाली आणि यंत्र न थांबवता, पिशवीमागून पिशवी झाडता येऊ लागली. झोताचे हे तडाखे विणलेले कापड फार काळ सोसू शकत नाही, नमदा सोसतो. १९४१ साली इंग्लंडमध्ये विनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेला पॉलिएस्टर धागा त्यासाठी स्वस्त आणि मजबूत ठरला. पुढे अधिक उष्णता सोसणारे अरामिड, पीपीएस, काचतंतू असे धागे आले. आणि ज्या पीटीएफईचा शोध १९३८ साली रॉय प्लंकेट याला योगायोगाने लागला होता, ते १९६९ साली रॉबर्ट गोर याने झटका देऊन ताणले, तेव्हा अतिसूक्ष्म छिद्रांची एक पातळ त्वचा हाती आली.

त्या त्वचेने घराण्यांचा मोठा वाद उभा केला. एक पक्ष म्हणतो, धुळीच्या थरावर विश्वास ठेवा, कापडाला खोलवर धूळ घेऊ द्या, तोच थर तुमची गाळणी आहे. दुसरा पक्ष म्हणतो, थर हा आगंतुक आहे, तो कधी पातळ तर कधी जाड. त्यापेक्षा नमद्यावर ही त्वचा चिकटवा, धूळ पृष्ठभागावरच थांबेल, झोताने सहज गळून पडेल आणि हवेचा विरोधही कमी राहील. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. ज्या धुळीचे कण फार सूक्ष्म आहेत आणि जेथे चिमणीतून बाहेर पडणाऱ्या हवेतील धुळीची मर्यादा कडक आहे तेथे त्वचेचा खर्च वसूल होतो. परंतु पोलादी छऱ्यांच्या खरखरीत धुळीपुढे ती त्वचा घासून जाते, तेलकट धूर असला तर बुजते, आणि बॅग बसविताना तिला आतून ताठ ठेवणाऱ्या तारांच्या पिंजऱ्यावर ओरखडली तर तिची किंमत पहिल्याच दिवशी मातीमोल होते. मामुली ओतशाळेत, कापडाचे क्षेत्रफळ पुरेसे दिले असेल तर, साधा, चौरस मीटरला ५०० ते ५५० ग्रॅम वजनाचा पॉलिएस्टर नमदा अजूनही प्रामाणिकपणे काम करतो, असे माझे मत आहे आणि ते मी येथे स्पष्टपणे नोंदवितो.

घड्या घातलेल्या कार्ट्रिजचे घराणे त्या मानाने नवे. थोड्या जागेत पुष्कळ क्षेत्रफळ मावते हा त्याचा गुण. घड्यांच्या खाचेत शिरलेली तंतुमय किंवा चिकट धूळ बाहेर येत नाही हा त्याचा दोष. इचलकरंजीच्या मागांभोवती उडणारा कापसाचा तंतू अशा खाचेत शिरला की सूचीपत्रात छापलेले चौरस मीटर सूचीपत्रातच राहतात.

आता एक प्रसंग सांगतो, कारण या पुस्तकाचा गाभा मला त्या प्रसंगाने कळला होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली वसाहतीतील एका ओतशाळेत शॉट ब्लास्टिंगच्या डस्ट कलेक्टरच्या बॅगा चार-चार महिन्यांत फाटत होत्या. खरेदी खात्याने प्रथम जाड नमदा घेतला, नंतर त्वचा लावलेला घेतला, नंतर त्याहूनही महाग धाग्याचा घेतला. प्रत्येक वेळी चार महिन्यांनी तीच तक्रार. मी गेलो तेव्हा जुन्या बॅगा गोणीत भरून भंगारात निघाल्या होत्या. त्यांतली एक काढवून, उभी चिरून, टेबलावर पसरली. वरचा दोन-अडीच हात भाग धड होता, आतला पृष्ठभाग स्वच्छ होता. परंतु तळाच्या हातभर पट्ट्यात बाहेरची लव पूर्णपणे निघून कापड सँडपेपरने घासावे तसे गुळगुळीत झाले होते, आणि ट्यूबलाइटसमोर धरल्यावर त्या पट्ट्यातून उजेड दिसत होता. शेजारी उभा असलेला वयस्क मदतनीस म्हणाला, “साहेब, फाटत्यात त्या म्होरच्याच वळीतल्या. मागल्या बघा की, नव्यावानी हैत.” त्याने हे पूर्वी कोणाला सांगितले नव्हते, कारण त्याला कोणी विचारले नव्हते. हॉपरमध्ये, म्हणजे बॅगांखालच्या धूळ साठणाऱ्या नरसाळ्यात, हवा शिरते त्या तोंडासमोर वेग मोडण्यासाठी लोखंडी आडवा पत्रा असतो. तो झिजून नाहीसा झाला होता आणि खरखरीत धूळ सरळ पुढच्या ओळीवर आदळत होती. नवा पत्रा बसविला, मूळच्या साध्या पॉलिएस्टर बॅगा परत घातल्या, आणि त्या दोन वर्षांहून अधिक टिकल्या. तीनदा केलेली महाग निवड त्या पत्र्याच्या दुरुस्तीच्या जागी केलेली होती.

उतरविलेल्या बॅगेवर असे पुष्कळ लिहिलेले असते. पिंजऱ्याच्या तारांच्या जागी उभ्या रेषांत कापड झिजले असेल, तर पिंजरा गंजलेला आहे, बॅग त्यावर सैल बसली आहे किंवा झोत वाजवीहून जोराचा आहे. काठ काळे व कडक झालेली बारीक भोके असतील, तर घासकामाच्या ठिणग्या नळातून आत येत आहेत. अशा ठिकाणी कापड बदलून भागत नाही, ठिणगी वाटेतच विझविण्याची तजवीज करावी लागते. बॅग धड दिसते पण हाताने ओढताच जीर्ण पंचांगाच्या पानासारखी फाटते, असे झाले तर उष्णता आणि ओलावा यांनी मिळून पॉलिएस्टरची रेणुशृंखला तोडली आहे. कोरड्या हवेत १३० अंश सेल्सिअसपर्यंत निभावणारा हा धागा दमट हवेत त्याहून पुष्कळ कमी उष्णतेलाही खचतो, आणि सिमेंटसारखी क्षारधर्मी धूळ त्यात भर घालते. पीपीएस १९० अंशांपर्यंत ओलाव्याला व आम्लाला दाद देत नाही, पण हवेत प्राणवायू जास्त असला तर जळल्यासारखा ठिसूळ होतो. अरामिड २०० अंश सोसतो, पण ओलसर आम्ल सोसत नाही. काचतंतू २६० अंशांपर्यंत जातो, पण दुमडणे आणि घासणे त्याला मानवत नाही, म्हणून त्याला दाट तारांचा आणि घट्ट मापाचा पिंजरा लागतो. सर्वगुणसंपन्न धागा अस्तित्वात नाही. ज्या विक्रेत्याच्या सूचीपत्रात तो असतो त्याच्यापासून सावध राहावे.

आपल्या हवामानाचा विचार परदेशी सूचीपत्रांत नसतो, म्हणून तो लेखकाने विस्ताराने केला आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. कोकणात किंवा पन्हाळ्याच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात, शनिवारी रात्री यंत्र बंद करताना आतली उबदार दमट हवा तशीच कोंडून ठेवली, की रविवारभर ती थंड होत जाते, बॅगांवर दव धरते, आणि सोमवारी सकाळी धुळीचा थर गिलाव्यासारखा बसलेला आढळतो. काम थांबल्यावरही पंखा काही वेळ चालू ठेवून आतली दमट हवा काढून टाकणे आणि बॅगा झाडून घेणे, एवढ्या एका सवयीने जितक्या बॅगा वाचतात तितक्या महाग कापडाने वाचत नाहीत. कागदी मिश्रणाची कार्ट्रिज अशा हवेत घेऊच नये.

आणखी एक मोठी चूक क्षेत्रफळाची. ताशी २०,००० घनमीटर हवा गाळायची असेल आणि कापडातून जाणारा वेग मिनिटाला १.२ मीटर ठेवायचा असेल, तर सुमारे २८० चौरस मीटर कापड लागते. १६० मिलिमीटर व्यासाची, ३ मीटर लांबीची बॅग दीड चौरस मीटर देते, म्हणजे १८५च्या आसपास बॅगा झाल्या. मूळ यंत्र घेताना येथेच काटकसर झालेली असेल, तर वेग वाढतो, धूळ कापडात खोल रुतते आणि कोणतीही बॅग टिकत नाही. विरोध वाढला की त्याचा हिशेब विजेच्या बिलात निघतो : वरच्याच उदाहरणात पाण्याच्या स्तंभाचा ५० मिलिमीटर जादा विरोध राहिला आणि पंख्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर सुमारे साडेचार किलोवॅट जास्त लागतात, आणि वर्षाला ६,००० तास यंत्र चालले तर २७,००० युनिटे निष्कारण जातात. दर बॅगेमागे वाचविलेल्या रुपयांशी ही रक्कम ताडून पाहण्याचा परिपाठ खरेदी खात्यात अजून पडलेला नाही. फाटेल ती एक-एक बॅग बदलत राहण्याची रीतही अशीच फसवी आहे, कारण नव्या बॅगेचा विरोध कमी असल्यामुळे सारी हवा तिच्याकडे धावते आणि ती आपल्या जुन्या सोबतिणींच्या आधी बाद होते. इमारतींतील वायुवीजनाच्या गाळण्यांसाठी ठरविलेले दर्जांकही येथे उपयोगाचे नाहीत. ते वापरून फेकण्याच्या गाळणीचे असतात, हजारो वेळा झाडल्या जाणाऱ्या बॅगेची वागणूक त्यांतून कळत नाही.

हा विषय आजच इतका महत्त्वाचा का, याचे एक उत्तर कायद्यात आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या १४व्या कलमाने धूळ तिच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ ओढून घेण्याचे बंधन मालकावर घातले आणि ३७व्या कलमाने स्फोटक धुळीचा बंदोबस्त सांगितला. पण २०१४च्या सुमारास सिमेंटच्या नव्या कारखान्यांसाठी घनमीटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली, २०१५ साली नव्या औष्णिक वीजकेंद्रांसाठीही तोच आकडा आला, आणि २०१९च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात चंद्रपूर व कोल्हापूर या शहरांची नावे नोंदली गेली. एक फाटकी बॅग शेकडो धड बॅगांचे काम धुळीस मिळवू शकते, त्यामुळे या मर्यादेत बदलीची बॅग हा आता शेवटच्या पायरीचा किरकोळ माल राहिलेला नाही. दुसरे उत्तर अधिक कठोर आहे. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारींच्या चाकांना झिलई देणाऱ्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट होऊन त्याच दिवशी ७५ माणसे गेली आणि पुढे मृतांचा आकडा १४६वर पोहोचला. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात साखरेच्या धुळीने १४ कामगारांचा बळी घेतला. अ‍ॅल्युमिनियम आणि साखर या दोन्ही वस्तू महाराष्ट्रात किती ठिकाणी हाताळल्या जातात हे वाचकास सांगावयास नको. तेथे विद्युत्भार वाहून नेणारे धागे असलेली, जमिनीशी जोडलेली बॅग लागते, आणि ‘पूर्वीप्रमाणे’ मागविताना नेमका हाच तपशील गळून पडतो.

या ग्रंथात धाग्यांचे गुणधर्म, पिंजरे, झोताची यंत्रणा, मोजमाप, किंमत अशी सर्व अंगे आलेली आहेत. परंतु त्याचा आग्रह एकच आहे, की निवड सूचीपत्रातून सुरू न होता उतरविलेल्या बॅगेपासून व्हावी, आणि तिच्या साक्षीत ती बॅग रोज पाहणाऱ्या माणसाची साक्ष मिळवावी. सर्व कारखान्यांचे प्रश्न यात आलेले नाहीत. औषधनिर्मितीच्या बंदिस्त यंत्रणा आणि अणुशक्ती केंद्रांतील गाळण्या लेखकाने बुद्ध्या वगळल्या आहेत, आणि तो संयम मला योग्य वाटतो. भाषा कारखान्यातली ठेवली आहे. बॅग, केज, हॉपर, सॉलेनॉइड हे शब्द फिटरच्या तोंडी आहेत तसेच आले आहेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द घडविले असते तर पुस्तक ग्रंथालयात शोभले असते, पण यंत्राशेजारी उघडले गेले नसते.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. पहिले प्रकरण वाचण्यापूर्वी आपल्या डस्ट कलेक्टरमधून निघालेली एक बाद बॅग भंगारात जाण्याआधी मागवून घ्यावी, ती कोणत्या ओळीतील कितवी होती हे तिच्यावर खडूने लिहावे, ती उभी चिरून उजेडात पसरावी, आणि पुस्तक तिच्या शेजारी ठेवून वाचावे.